मोहाच्या दिवसांत जमा केलेली बंदूक

गेल्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी, एप्रिलमध्ये, माझे वडील अस्वलाच्या हल्ल्यात गेले. ठिकाण चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गावाजवळचं जंगल, घरापासून अर्ध्या तासावरचं मोहाचं झाड. त्यांच्या हातात काठी होती. परवान्याची एकनळी बंदूक आचारसंहितेमुळे पोलीस ठाण्यात जमा होती. मी एडिनबरात होतो.

मी गाव सोडलं त्या सकाळी ती बंदूक त्यांच्या खांद्यावर होती. एसटीच्या थांब्यापर्यंतचा रस्ता जंगलातून जातो. बॅग मी आणि आईने धरली, कारण बाबांचे हात मोकळे हवेत. प्रत्येक वळणाआधी ते मोठ्याने खाकरत होते. समोर जनावर असेल तर त्याला निघून जायला वेळ मिळावा म्हणून. एवढ्या वर्षांत त्यांनी बंदूक दोनदाच उडवली, दोन्ही वेळा हवेत.

एडिनबराजवळच्या टेकड्यांवर पहिल्या वॉकला मीही वळणावर खाकरलो. सोबतचा पुण्याचा मित्र म्हणाला, "अरे, इथे सगळ्यात डेंजरस जनावर म्हणजे गाय. रिलॅक्स."

आईला फोनवर हे सांगितलं. तिने विचारलं, "मंग त्या जंगलात रायते काय?" मी मेंढ्या म्हणालो. "मंग ते जंगल नोहे, चराई हाये."

इकडे येण्याआधी मी नागपूरला वार्ताहर होतो. गावातले सगळे सरकारी अर्ज मीच लिहायचो. आचारसंहिता लागली तेव्हा बाबांचा फोन आला. "बंदूक जमा कराले सांगतलं. अर्ज केला तं सूट भेटते म्हणतात. तू दोन ओळी लिहून दे, मोह पडाले लागला." आई सकाळी मोहाची गळलेली फुलं वेचायची आणि बाबा बंदूक घेऊन शेजारी उभे राहायचे.

मी म्हणालो, "बाबा, जमा करून टाका. महिन्याभराचा तर प्रश्न आहे." इथे राहून मला बंदुकीशिवाय रानात जाणं साधं वाटू लागलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पावतीचा फोटो पाठवला. मी त्यावर अंगठा टाकला.

अकरा दिवसांनी अस्वल आईच्या बाजूने आलं. बाबा मध्ये गेले. आई वाचली. सूट मिळाली असती का, बंदूक असती तर काय झालं असतं, हे सांगता येत नाही. मी अर्ज लिहिला नाही, एवढं नक्की.

मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आई सोबत यायला तयार झाली नाही. "तिकडं येऊन काय करू, मेंढ्या मोजू?"

इथले मित्र विचारतात, घरी आता कोण असतं. आई असते. मोहाच्या दिवसांत ती अजूनही जंगलात जाते, चार बायांबरोबर, डबे वाजवत. जाऊ नकोस म्हणणं मी सोडलं आहे. परतली की ती मिस्ड कॉल देते. मी उठतो तेव्हा तो येऊन पडलेला असतो. कालचा कॉल भारतातल्या वेळेनुसार सकाळी आठ बावन्नचा आहे.