भरलेला कोपरा

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. लोकांना आंधळं माणूस दिसलं की त्याला धाडसी म्हणायची भारी हौस. एकटी बसमध्ये चढले की धाडसी, भाकर थापली की धाडसी. डोंबलाचं धाडस! मला कुत्र्यांची भीती वाटते, गॅसची वाटते, हायवेवरच्या ट्रकची वाटते. आणि मी सांगतेय त्या दिवसांत सगळ्यात जास्त भीती वाटायची ती दादाच्या फटफटीची. ती लोहाऱ्यात माझ्या खोलीसमोर येऊन उभी राहिली की मी सामान बांधायचं, असं ठरलं होतं.

आमचं गाव पांढरकवड्याजवळ. जन्मापासून मला दिसत नाही. एकतीस वर्षांची होईपर्यंत मी साधा चहा केला नव्हता. कोणी करूच दिला नाही. माय पाण्याचा गिलास हातात द्यायची, वहिनी ताट समोर आणून ठेवायची, आणि मी देव्हाऱ्यातल्या देवासारखी एका जागी बसलेली. मग यवतमाळच्या एका संस्थेची ताई गावात आली. अपंग माणसांना आपापलं राहता यावं म्हणून ते लोक काम करतात. तीन महिने त्यांच्या केंद्रात राहून मी काठी शिकले, बोलणारा मोबाईल शिकले, पोळी-भाजी शिकले. शेवटची पायरी होती तीस दिवसांची. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात भाड्याच्या एका खोलीत एकटीनं राहायचं. घरच्यांनी यायचं नाही. ताई दर बुधवारी येऊन चौकशी करणार, बस्स. तीस दिवस निभले की खोली माझी, आणि एमआयडीसीतल्या मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम पक्कं.

बाबा थकलेले, घर दादाच चालवतो; त्यानं आपली अट टाकली. "तीस दिवसांत एकदा जरी कोणाची मदत लागली, तं मी गाडी घेऊन येतो. मंग पुन्हा एकटं राहाचं नाव काढाचं नाही." तो वाईट नाही. त्यालाही भीतीच वाटत होती, फक्त ती रागानं बोलून दाखवायची सवय. बोलला आणि गोठ्याकडे निघून गेला.

 निघताना मायनं माझ्या केसांवरून हात फिरवला. तिच्या दोन्ही हातांत काचेच्या डझनभर बांगड्या असतात, त्या माझ्या कानाशी वाजल्या. दातांना ती तंबाखूची नस, मशेरीसारखी पूड, घासते, तो वास आला. मला माय कळते ती या आवाजानं आणि या वासानं. पाय वाजले नाहीत तरी बांगड्या आधी येतात.

खोली लहान होती. दारातून आत आलं की डावीकडे ओटा आणि गॅस, समोर लोखंडी कपाट, कपाट आणि भिंत यांच्यामध्ये एक रिकामा कोपरा. मोरी बाहेर अंगणात. पुढच्या घरात घरमालकीण काकू. मिठाच्या डब्याला एक रबर लावलेलं, साखरेच्या डब्याला दोन. आत आले की मी चुटकी वाजवायची. रिकाम्या भिंतीवरून आवाज परत येतो, आणि जिथं कपडे, गाद्या किंवा माणूस असेल तिथं तो जिरतो. त्या कोपऱ्यातून आवाज टणकन परत यायचा. सगळं जागच्या जागी आहे, असं समजून मग मी काठी टेकवायची.

पहिले आठ दिवस नुसत्या भीतीत गेले. लायटर पेटवताना मी डोळे मिटून घ्यायची, माझ्या डोळ्यांचा काय संबंध तो देव जाणे. रात्री कडी लावली की नाही ते चार-चारदा चाचपून बघायची. पण दिवस निभत होते. सकाळी कारखान्यात शिकायला जायचं, दुपारी परत यायचं, स्वयंपाक करायचा. भात करपला तर करपलेला खायचा.

नवव्या दिवशी मिठाचा डबा वीतभर सरकलेला सापडला.

मी तिथंच उभी राहिले. मी तो डबा भिंतीला चिकटवून ठेवते. शंभर वेळा ठेवला असेल. दुसऱ्या दिवशी अर्धा असलेला माठ भरलेला होता. तिसऱ्या दिवशी माझ्या चपला एकमेकींना लावून सरळ ठेवलेल्या होत्या, आणि मी तर त्या पायानं उडवून आत शिरते. कुलूप जसंच्या तसं.  एक तर माझं डोकं फिरत होतं, नाहीतर कोणीतरी माझ्या खोलीत येत होतं. दोन्हींपैकी बरं कोणतं, हेच मला कळेना.

काकूंना विचारलं, "काकू, मी नसताना माझ्या खोलीत कोणी येते का?"

"कोण येईन व बाई?" काकू म्हणाल्या. "तुले भास होऊन राह्यला असंन. एकट्या माणसाले होते असं."

रविवारी घरी फोन केला. मायचा आवाज ऐकला तर छातीतली धडधड तरी थांबेल असं वाटलं. दादा म्हणाला, "माय पुसदले गेली, मावशीकडं. आली की सांगतो." मला असा राग आला म्हणून सांगू! पोरगी इथं जीव मुठीत धरून बसलीय आणि आईबाई पुसदला पाहुणचार झोडताहेत. "बरं चाललं का तुहं?" दादानं विचारलं. "मस्त चाललं," मी म्हणाले, आणि फोन ठेवून कवाडाची कडी पुन्हा तपासली.

त्याच दिवशी दुपारी मोरीतून आत येऊन मी चुटकी वाजवली, तर कोपऱ्यातून आवाज परत आला नाही.

पुन्हा वाजवली. आवाज तिथंच जिरला. कोपरा भरलेला होता. मी श्वास धरला. कारखान्याचा भोंगा वाजला, बाहेर कोंबडी ओरडली, आणि या दोन्हींच्या मध्ये मला कोणाचा तरी अगदी बारीक श्वास ऐकू आला. वास कसलाच नाही. मी काठी घेऊन अंगणात पळाले आणि भिंतीला पाठ लावून उन्हात उभी राहिले. किती वेळ उभी होते माहीत नाही, उन्हानं डोकं तापलं. आत आले तर कोपरा रिकामा.

आता तुम्ही म्हणाल, ताईला का नाही सांगितलं? बुधवारी ताई आली, माझ्या हातचा चहा प्यायली, विचारलं, "काही अडचण?" जिभेवर आलं होतं सगळं. पण सांगितलं की ताई एखादीला सोबतीला पाठवणार, ते दादाला कळणार, आणि फटफटी दारात. पुन्हा तेच ताट, तोच गिलास, तीच बसायची जागा, मरेपर्यंत. आणि नाही सांगितलं तर कोपऱ्यात जो कोणी बसतो तो एक दिवस उठून माझ्याजवळ येणार. "काही नाही, ताई," मी म्हणाले. ती गेल्यावर उशीत तोंड खुपसून रडले.

सोळाव्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. दुपारी मी गॅसवर दूध ठेवलं. गंजात, म्हणजे पातेल्यात, एक छोटी बशी उपडी टाकायची, दूध वर येऊ लागलं की ती खडखडते, हे केंद्रात शिकवलेलं. मी ओट्याशी वाकून बशीकडे कान लावला होता. बशी नुकती हलायला लागली होती. दूध चांगलं तापलं होतं.

तेवढ्यात गॅसचा आवाज बंद झाला.

हळूहळू बारीक झाला नाही, एकदम बंद. आणि बटण फिरल्याचा तो 'टक' मी ऐकला, माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर. बटण माझ्या हातानं फिरलं नव्हतं. माझ्या डोक्यात दुसरं काहीच उरलं नाही. सांडशीनं गंज धरला आणि सगळं दूध त्या आवाजाच्या दिशेनं भिरकावलं.

ओरडणं झालं नाही. फक्त दातांतून ओढलेला एक श्वास आला, "स्स...", आणि बशी फरशीवर फुटली.

"कोण हाय?" मी काठी पुढे धरून ओरडले. "कोण हाय रे? बोल!"

कोणी बोलेना. दूध ओट्यावरून टपटप गळत होतं. समोरचा माणूस नाकानं धापा टाकत होता, पण जागचा हलत नव्हता. पळत का नाही हा? मी हात पुढे केला, काय समजून केला कोण जाणे, आणि मनगट हाती लागलं. मनगटाला ओली, गरम चिंधी गुंडाळलेली होती. लुगड्याची जुनी पट्टी, गच्च बांधलेली. चिंधीखाली गोल, कडक, एकाला एक लागून काहीतरी होतं.

बांगड्या.

"माय?"

"हळू बोल," माय कुजबुजली. "गल्ली गोळा होईन."

ती पुसदला गेलीच नव्हती. मागाहून मला तुटक तुटक कळलं ते असं. काकूंच्या पाया पडून ती त्यांच्या घरात राहिली होती, दुसरी किल्ली काकूंकडे होती. मी कारखान्यात गेले की ती कुलूप उघडून आत यायची आणि मी यायच्या आत पुन्हा लावून जायची; मी घरात असले की उघड्या दारातून अनवाणी येऊन कोपऱ्यात बसायची, मी मोरीत गेले की निघून जायची. त्या रविवारी तेवढा तिला निघायला उशीर झाला होता. आवाजानं मी ओळखीन म्हणून बांगड्या काढाव्यात, तर सवाष्ण बाईनं हात मोकळे ठेवायचे नाहीत. म्हणून त्यांच्यावर चिंधी बांधली. वासानं ओळखीन म्हणून इतक्या वर्षांची नस सोळा दिवस तोंडाला लावली नाही. माझ्यापासून लपायचं कसं हे साऱ्या दुनियेत तिलाच माहीत होतं. आणि मी तिच्यावरच तापलं दूध टाकलं.

मी माठ उचलून तिच्या हातावर पाणी ओतत राहिले. चिंधी सोडली. बांगड्यांना हात लावला तशी तिनं हात ओढून घेतला. "बांगड्या नको काढू, बाई."

"हात सुजून राह्यला, माय. मंग कापाव्या लागतीन."

"अपशकुन होते."

"गप बस," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मायला गप बस म्हणाले. एकेक बांगडी ओल्या हातावरून सरकवून काढली. दोन फुटल्या. ती रडत होती, दुखतंय म्हणून की बांगड्यांसाठी, मी विचारलं नाही. 

मग मी तिला दवाखान्यात नेलं. ऑटो कुठं मिळतो ते मला माहीत होतं, तिला नव्हतं. तिनं माझा दंड धरला होता आणि ती वाकडीतिकडी चालत होती. सरकारी दवाखान्यात खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"हे माही पोरगी," माय म्हणाली.

"ते दिसतंय. दुसरं कोणी?"

"दुसरं कायले पायजे?" माय म्हणाली. तेवढं तिखट ती दादाशीही कधी बोलली नव्हती.

पुढच्या बुधवारी मी ताईला सगळं सांगून टाकलं.   ती म्हणाली, हे सोळा दिवस धरायचे नाहीत, पुन्हा पहिल्यापासून तीस. तारीख पुढं का गेली, त्याचं कारण दादाला तीच देईल. काकूंकडची दुसरी किल्लीही तिनं आणून माझ्या हातात ठेवली. ते दुसरे तीस दिवस मी काढले. कोपऱ्यात कोणी नाही हे माहीत असूनही रोज चुटकी वाजवली.

एकतिसाव्या दिवशी दादा मायला घेऊन आला. खोलीभर फिरला, गॅसची नळी हलवून पाहिली, माझ्या हातचा चहा प्यायला. मायच्या हाताचं त्याला सांगितलं होतं ते मावशीच्या चुलीचं. "ठीक हाय मंग," तो म्हणाला, आणि गाडी वळवायला बाहेर गेला. आम्ही दोघीच उरलो. मी तिचा हात हातात घेतला. कातडी एका जागी गुळगुळीत झाली होती, एका जागी खरबरीत. त्यावर नव्या बांगड्या.

"माय, दूध पडलं तवा तू वरडली काहून नाही?"

"वरडली असती तं लोक जमले असते. तुह्या दादाले कळलं असतं. तुही खोली गेली असती."

"अन् गॅस कायले बंद केला?"

तिनं माझ्या ओढणीचं टोक चाचपलं. मग म्हणाली, "तुही ओढणी. पदर पार जाळाले टेकत होता. मले वाटलं, सिलिंडर सरलं असं समजशीन तू."

 इतके दिवस हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच दिवशी दादा मला घेऊन गेला असता, आणि कोणी त्याला चूक म्हटलं नसतं.

"तुनं डोयानं पाह्यलं," मी म्हणाले. "तरी बी मले इथं ठेवून चालली?"

"हाव," माय म्हणाली. "रात्री झोप नाही येत मले. जाऊ दे. ते माह्यं मी पाहीन."

बाहेर फटफटी सुरू झाली. बांगड्या दारापर्यंत वाजत गेल्या, थांबल्या. "ओढणी बांधत जाजो," ती म्हणाली. मग आवाज रस्त्याला लागला आणि ट्रकांच्या आवाजात ऐकू येईनासा झाला. मी चुटकी वाजवली. कोपऱ्यातून आवाज टणकन परत आला. ओढणी कमरेला गच्च बांधून मी गॅसपाशी गेले, आणि दोनदा चुकल्यावर तिसऱ्यांदा लायटर पेटला.