सील कोट, वारा आणि देवतळे

राऊत साहेबांनी बुटाच्या टाचेने जमिनीवर रेघ ओढली आणि म्हणाले, "रेघेच्या पुढचं देवतळे करेल. मागचं शालिनी, तू."

पुढचं म्हणजे गेटमधून आत आल्याबरोबर दिसणारं. मागचं म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी, जिथे आचाऱ्यांचे टेम्पो लागणार आणि खरकट्याचे ड्रम ठेवणार.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. नागपुरातल्या एका खाजगी कंत्राटदार कंपनीत मी ज्युनिअर इंजिनिअर होते. राऊत साहेब कंपनीचे मालक. प्रभाकर देवतळेही माझ्यासारखाच ज्युनिअर इंजिनिअर. आम्ही दोघं एकाच पॉलिटेक्निकचे, एकाच बॅचचे. मार्क मला जास्त होते. पण कंपनीची मोटरसायकल त्याच्याकडे होती आणि मी सायकलवर साइटला जायची. "तुला मोटरसायकल कशाला?" असं साहेब मला एकदा हसत म्हणाले होते. मीही हसले होते.

काम प्रताप नगरातलं. डहाके नावाच्या गृहस्थांनी तिथे नवं मंगल कार्यालय बांधलं होतं आणि त्याच्या पार्किंगचं डांबरीकरण आमच्याकडे होतं. खालचे थर मीच करून घेतले होते. पाण्याचा उतार काढणं, खडी दाबणं, भेगा भरणं, सगळं. आता फक्त वरचा सील कोट राहिला होता, म्हणजे जे लोकांना दिसतं तेवढंच. आणि त्यातलाही दिसणारा भाग देवतळेकडे गेला.

सील कोट म्हणजे काय ते सांगते. डांबरी पृष्ठभाग कितीही दाबला तरी त्यात बारीक छिद्रं राहतात. पाणी आत शिरतं, खडी सुटायला लागते. म्हणून वरून गरम डांबराचा पातळ थर फवारतात आणि तो चिकट असतानाच त्यावर रेती पसरून रोलर फिरवतात. डांबर पाणी अडवतं. रेती टायरला आणि पायाला पकड देते.

डहाकेंना रेती नको होती.

"मले काळंभोर पाहिजे," ते म्हणाले. "लग्नात फोटो निघतात. वरात आली का खाली चकचक दिसली पाहिजे."

"काका, रेती नाही टाकली तर पावसात लोक घसरतील," मी म्हटलं.

"घसराले काय ते बर्फ हाय का?"

राऊत साहेब मध्ये पडले. "शालिनी, पुस्तकातलं राहू दे. पार्टीला काळं पाहिजे, आपण काळं देऊ."

देवतळे गप्प उभा होता. त्याला गप्प राहणंही शोभायचं. लोकांना वाटायचं, हा विचार करतोय. मी गप्प राहिले की लोक विचारायचे, तब्येत बरी नाही का?

या पार्किंगवर आणखी काहीतरी पणाला लागलेलं होतं. काटोलला फळबाजाराच्या आवाराचं मोठं काम कंपनीला मिळालं होतं. तिथे साइट इन्चार्ज म्हणून आमच्यापैकी एक जाणार होता, जीपसकट. माझं गाव काटोलजवळ. माझे बाबा दरवर्षी त्याच बाजारात संत्री घेऊन जायचे. मुलगी इंजिनिअर आहे, यावर तिथले व्यापारी गालात हसायचे, हे मला ठाऊक होतं. त्या आवारात मी जीपमधून उतरते आहे, हे मी मनात इतक्यांदा पाहिलं होतं की जीपचा दरवाजा कसा वाजेल तेही मला माहीत झालं होतं.

"डहाकेंचं काम कसं निघतं ते पाहतो, मग काटोलचं ठरवू," साहेब म्हणाले होते.

आणि मला स्वयंपाकघराची बाजू दिली.

मे महिना होता. प्रताप नगरच्या पश्चिमेला तेव्हा नुसती शेतं आणि मोकळे प्लॉट होते. दुपारी तिकडून जो वारा सुटायचा तो थेट आमच्या अंगावर. सील कोटला वारा म्हणजे शत्रू. नळीतून निघालेले डांबराचे थेंब उडून भलतीकडे जातात. जमिनीवर पडतं ते लगेच थंड होतं आणि आत न मुरता वरच साय धरतं. शिवाय चिकट डांबरावर सगळ्या मुलखाची धूळ येऊन बसते. म्हणून हे काम पहाटेच करावं, वारा सुटायच्या आत संपवावं, असं मी साहेबांना सांगितलं.

देवतळेने ते ऐकलं आणि दुपारी काम काढलं.

"पहाटे बॉयलर तापत तापत ऊन येते," तो मला म्हणाला. "अन् ऊन असलं का डांबर कसं मस्त मुरते पाय."

"आणि वारा?"

"वाऱ्याचं पाहून राहिलो नं मी."

दुपारी मी गेले तर पार्किंगच्या पश्चिमेला लग्नाच्या रंगीत कनाती उभ्या होत्या. बांबू रोवून, दोऱ्या ताणून, लाल-पिवळ्या कापडाची लांबच लांब भिंत. कार्यालयाच्या मंडपवाल्याशी त्याने गप्पा मारल्या होत्या, चहा पाजला होता, आणि कनाती फुकट मागून आणल्या होत्या. पलीकडे वारा कापडावर थडाथड आपटत होता. अलीकडे आमचा माणूस नळी जमिनीजवळ धरून शांतपणे डांबर फवारत होता. एक थेंब इकडेतिकडे नाही.

मी ते पाहत उभी राहिले. मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण मला फक्त असं वाटलं, हे मला का सुचलं नाही? आणि लगेच वाटलं, मला सुचलं असतं तरी मंडपवाल्याने मला कनाती दिल्या असत्या का? मी त्याच्याशेजारी बसून चहा पिऊ शकले असते का?

संध्याकाळी डहाके आले. काळा थर उन्हात आरशासारखा चमकत होता. "वा, देवतळे साहेब!" ते म्हणाले. देवतळे साहेब! माझ्याच बॅचचा.

देवतळे माझ्याकडे आला. "कनाती तुह्यासाठी ठेवायले सांगितल्या होत्या, पण उद्या त्याइचं नंदनवनात लगन हाय. घेऊन चालले ते."

"मला नको," मी म्हटलं. "मी पहाटे करणार आहे."

"काहून वं, रागावली का?"

"मी कशाला रागावू?"

पहाटे मी साइटवर होते. बॉयलर तापायला वेळ लागला, त्याने सांगितलं होतं तस्साच. तरी हवा स्थिर होती. आम्ही जोरात काम घेतलं. शेवटचा पट्टा फवारून झाला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती आणि मला वाटलं, झालं. सुटले.

तेवढ्यात आमचा मुकादम सुखदेव पश्चिमेकडे बोट दाखवून ओरडला, "बाई, आंधी!"

मे महिन्यात आंधी संध्याकाळी येते. ती सकाळी आली. आभाळ तांबूस झालं. बाजूच्या प्लॉटवर कोणाचं तरी घर चाललं होतं आणि प्लास्टरसाठी चाळलेल्या रेतीचा मोठा ढीग कुंपणाला लागूनच होता. वाऱ्याने तो ढीग उचलला, असंच म्हणावं लागेल. पत्रे उडाले, आम्ही भिंतीला चिकटून बसलो. डोळे उघडले तेव्हा माझा ओला, काळा सील कोट पार दिसेनासा झाला होता. सगळीकडे रेती.

सुखदेवने झाडू उचलला. "झाडून टाकू?"

"हात लावू नका!" मी म्हटलं. चिकट डांबरावरून झाडू फिरवला तर रेतीबरोबर डांबरही निघून आलं असतं आणि खाली टक्कल पडलं असतं. मी क्षणभर विचार केला. रेती पडायला हवी होती तीच पडली होती. जिथे ढीग झाले होते तिथून फळीने अलगद सारखी करून घेतली, जिथे कमी होती तिथे हाताने टाकली.

"आता पडलीच आहे तर दाबा," मी म्हटलं. "रोलर आणा."

दुपारपर्यंत रोलर फिरवला. काम पक्कं झालं होतं. दिसत मात्र भिकार होतं. मळकट, करडं, खरबरीत.

डहाके आले, पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "हे काय वो मॅडम? पुढं काच अन् मागं ज्वारीची भाकर?"

"काका, आंधी आली."

"देवतळे साहेबाच्या येळेस नाही आली आंधी!"

राऊत साहेबांनी मला बाजूला घेतलं. ओरडले नाहीत. "हवेचा अंदाज घ्यावा लागतो, शालिनी. त्याला तो आहे." एवढंच म्हणाले. ओरडले असते तर मी भांडले असते.

पुढच्या आठवड्यात देवतळे जीप घेऊन काटोलला गेला. जाण्याआधी ऑफिसात पेढे वाटले. मी पेढा घेतला, "अभिनंदन" म्हटलं, आणि सुट्टीत गावी जाऊन आईला सांगितलं की काटोलचं काम तसं फालतूच आहे, नुसता धुरळा. त्या महिन्यात मला त्याची प्रत्येक गोष्ट खुपायची. त्याचं वळणदार अक्षर. मजूर त्याला पहिला चहा द्यायचे ते. डब्यातली भाजी तो सगळ्यांना वाटायचा तेही. मत्सराचं असं असतं, त्याला दोष सापडला नाही तर तो गुणांवर जगतो.

पावसाळा लागला. शेवटचे मुहूर्त चालू होते. डहाकेंचा ऑफिसात फोन आला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला, इतके ते ओरडत होते. वराकडचे एक मामा स्कूटरसकट गेटपाशी आडवे झाले होते. त्यांना उचलायला धावले ते दोघं त्यांच्यावर पडले. आणि कोण पडलं म्हणून पाहायला गेलेले डहाके स्वतः घसरून बसले. त्यांचा हात मोडला होता.

राऊत साहेबांनी देवतळेला काटोलहून बोलावून घेतलं. मी नागपुरातच होते, पण बोलावलं त्याला. मला म्हणाले, "तूही चल."

पार्किंगवर पाणी साचलेलं नव्हतं, उतार मी चांगला काढला होता. पण पुढचा भाग ओल्या साबणासारखा झाला होता. देवतळे त्यावरून दोन पावलं जपून चालला. मग मागे गेला, माझ्या भागावर. तिथे आचाऱ्याची माणसं डोक्यावर पातेली घेऊन भर पावसात ये-जा करत होती. कोणी घसरत नव्हतं. देवतळेने चप्पल घासून पाहिली.

"साहेब, मागचं पाहा," तो म्हणाला. "रेती पाहिजे. पुढंही असंच करा लागते."

राऊत साहेबांनी मान डोलावली. "बरोबर. याला म्हणतात अनुभव."

मी तिथेच उभी होते. छत्री माझ्या हातात होती आणि ती मी साहेबांच्या डोक्यावर धरली होती. मी सांगितलं तेव्हा ते पुस्तकी होतं. वाऱ्याने केलं तेव्हा ते नुकसान होतं. देवतळेने सांगितलं आणि तो अनुभव झाला.

परतताना जीपमध्ये तो मला हळूच म्हणाला, "मी साहेबाले म्हटलं होतं, शालिनी पहिल्यापासून हेच सांगून राहिली. त्याइच्या कानातच जात नाही."

"असेल," मी म्हटलं. माझा विश्वास बसला नाही. मला बसवायचाही नव्हता.

पावसाने उघडीप दिली तेव्हा पुढचा भाग मी दुरुस्त केला. पातळ थर, वर रेती, रोलर. डहाके गळ्यात हात अडकवून पाहत होते.

हिवाळ्यात आंबिया बहराची संत्री निघाली. बाबा काटोलला गाडी उतरवून दुसऱ्या दिवशी बसने नागपुरात माझ्याकडे आले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "तुह्यासंगचा तो देवतळे साहेब भेटला."

"हं."

"मीच ओळख देल्ली. उठून उभा राहिला गड्या तो! खुर्ची देल्ली, चहा पाजला. चार व्यापारी बसले होते तिथं. त्याइच्या समोर म्हणे, बाबा, ह्या आवारात रेतीचं जे काम चालू हाय ना, ते तुमच्या पोरीपासून शिकलो मी."

मी भाजी चिरत होते. सुरी थांबली.

"व्यापारी काय म्हणाले?"

"काय म्हणतीन? चूप बसले." बाबांचा चेहरा उजळला होता. "चांगला पोरगा हाय वं शालू."

"आहे," मी म्हटलं. बाबांना बरं वाटावं म्हणून हसलेही. पण खरं सांगते, मला फार वाईट वाटलं. तो लबाड निघाला असता तर माझा राग मला आयुष्यभर पुरला असता. माझ्या बाबांना त्या आवारात जो मान मिळाला, तोही त्यानेच दिला होता, त्याच्या खुर्चीवर बसवून.

पुढच्या उन्हाळ्यात मला पहिली स्वतंत्र साइट मिळाली. नंदनवन भागातल्या एका गोदामाचं अंगण. मालक म्हणाले, रेती नको, काळं पाहिजे. मी वाद घातला नाही. कोपऱ्यात दोन लहान पट्टे करून घेतले, एक नुसता काळा, एक रेतीचा. दुसऱ्या दिवशी दोन्हींवर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हटलं, "शेठजी, चपला घालून चालून पाहा."

काळ्या पट्ट्यावर शेठजींनी एक पाऊल टाकलं, माझा खांदा धरला आणि म्हणाले, "रेती टाका."

राऊत साहेबांना ही युक्ती फार आवडली. पुढे प्रत्येक नव्या पार्टीला ते असे दोन पट्टे करून दाखवायचे आणि सांगायचे, "ही आमच्या देवतळेची पद्धत." देवतळे समोर असला तर दुरुस्ती करायचा. पण तो काटोलला असायचा.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. लोक अजून विचारतात, घरासमोर डांबर टाकायचंय, काय काळजी घ्यावी? मी सांगते, सील कोटवर रेती टाकून घ्या, आणि वारा असेल त्या दिवशी काम बंद ठेवा. केलेलं काम कोणाच्या नावावर जाईल, याचं मात्र स्पेसिफिकेशन अजून कोणी काढलेलं नाही.