रेल्वे नावाचा क्लास

कोरड्या कूलरच्या गवताचा वास आला की मला नांदेडच्या कॉलेजमधली ती लॅब आठवते. त्या दुष्काळात कूलरमध्ये घालायलाही पाणी नव्हतं, नुसता गरम वारा अंगावर येत होता. शेवटची प्रॅक्टिकल परीक्षा होती. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि नापास झाले तर भोकरला घरी परत यायचं, असं भावानं बजावून ठेवलं होतं. माझा प्रोग्रॅम गावाच्या पाण्याचा होता. टँकर, विहीर, बोअर असे वेगवेगळे क्लास, म्हणजे कोडमधले साचे, आणि जे नाव टाइप कराल त्याच साच्यातून ऑब्जेक्ट, म्हणजे चालता नमुना, तिथल्या तिथे तयार व्हायचा. परीक्षक सर लातूरहून आले होते, तिथं तेव्हा रेल्वेनं पाणी आणत होते; त्यांना ते खरं वाटेना. "तूच लिहिलंस, का कुणाचं उतरवून आणलंस?" "मीच लिहिलंय, सर." "मग रेल्वेचं पाणी जोडून दाखव. मूळ फाईलला हात लावायचा न्हाई." मी वेगळ्या फाईलमध्ये रेल्वे नावाचा छोटा क्लास लिहिला, प्रोग्रॅम चालू केला आणि ते नाव टाइप केलं. स्क्रीन कोरीच राहिली. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, "गाडी लेट हाय वाटतं." मग ओळ उमटली, 'रेल्वे आली, पाणी मिळालं.' सरांनी ती ओळ पुन्हा वाचली. "आमच्या गल्लीत अजून न्हाई आलं, पोरी," असं म्हणून त्यांनी पास लिहिलं. आता नोकरीत असा प्रोग्रॅम लिहिला की तपासायला मी पहिलं नाव रेल्वेच टाकते, आणि त्या गल्लीत नंतर पाणी आलं असेल ना, असं दरवेळी मनात येतं.