हजेरीपटातल्या तीन पाळ्या

श्रीमती सुभद्रा ओव्हाळ यांच्या एकसष्टीनिमित्त चार चांगले शब्द लिहावेत, असे गौरवसमितीने मला कळवले आहे. ते मी लिहीनच. पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार या ग्रंथात रीतसर नोंदवून घ्यावी, अशी नम्र विनंती आहे. ओव्हाळबाईंनी मला सलग तेरा महिने उभे ठेवले.

हकीकत अशी. त्रेसष्ट सालच्या जूनमध्ये पिंपरीच्या कामगार वसाहतीलगतच्या प्राथमिक शाळेत मी रुजू झालो. चार खोल्या, वर पत्रे, मुलांना बसायला तरटाच्या पट्ट्या आणि प्रत्येक वर्गात गुरुजींसाठी एक लाकडी खुर्ची. माझ्या वर्गातही ती होती, फक्त तिच्यावर एक मुलगी बसलेली होती. मी भुवया चढवल्या, तेवढ्यात शेजारच्या वर्गातून एक ठेंगण्या बाई हातात खडू घेऊन आल्या.

"गुरुजी, तिच्या पायाला पोलिओ झालाय. खाली बसली की पाय आखडतो, मग सगळं लक्ष पायात. तुमचे पाय बरे आहेत ना?"

माझे पाय बरे होते. त्याचे मला आयुष्यात प्रथमच वाईट वाटले. हा आमचा पहिला परिचय. दुसरी खुर्ची मंजूर होऊन यायला तेरा महिने लागले. त्या काळात झिजलेल्या चपलांविषयी मी आजवर मौन पाळले आहे.

मुलाला का येत नाही, याची कारणे ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला पाठ करायला लावली होती. पहिले कारण मंद बुद्धी, दुसरे आळस, तिसरे पालकांचे दुर्लक्ष. ओव्हाळबाई कारणे पाठ करत नसत, शोधत असत. त्यांच्या हजेरीपटात प्रत्येक नावापुढे शिसपेनीने एक बारीक अक्षर असे: 'प', 'दु' किंवा 'रा'. दर सोमवारी ते खोडून नवे लिहायचे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. वडील कंपनीत कोणत्या पाळीला आहेत त्याची ती नोंद. एकदा तपासणीला आलेले दिपोटीसाहेब त्या अक्षरांवर बोट ठेवून गरजले, "बाई, तुम्ही हजेरी पोरांची घेता की त्यांच्या बापांची?"

"दोघांची घ्यावी लागते, साहेब. बाप कंपनीतून येऊन दिवसा झोपला, की पोर अर्धंच शाळेत येतं."

साहेबांनी 'अनावश्यक खाडाखोड' असा शेरा मारला. बाईंनी त्या सोमवारपासून शिसपेनीला अधिक बारीक टोक केले.

मधल्या सुट्टीत बाई मुलांच्या पंगतीतून फिरत आणि डबे बघत. मला हा चोंबडेपणा वाटे. एके दिवशी मराठवाड्यातून नुकत्याच आलेल्या घरातल्या एका मुलीने डब्याचे झाकण गच्च दाबून धरले. "आई म्हनली, बाईला डब्याला हात लावू देऊ नगंस."

ओव्हाळबाई बौद्ध. त्या वाक्याचा अर्थ निम्म्या वर्गाला कळला आणि मला तर पुरता कळला. मी मोठ्या धैर्याने खिडकीबाहेर बघू लागलो. बाई त्या मुलीसमोर उकिडव्या बसल्या, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि म्हणाल्या, "नाही लावत. तूच उघड, मी लांबून बघते. भाकरी आहे का चपाती?"

"चपाती," ती म्हणाली.

बाईंनी हजेरीपटात तिच्यापुढे 'रा' लिहिले आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्यांच्या जागी मी असतो, तर त्या घराचा राग वर्षभर त्या मुलीवर काढला असता. एवढे पाहूनही चपातीचा आणि रात्रपाळीचा काय संबंध, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. ती झाली विमलमुळे.

विमल माझ्या चौथीच्या वर्गात होती. लेखी पेपर उत्तम. पण वार्षिक तोंडी परीक्षेत पुस्तक उघडून उभी राहिली, ओठ हलले आणि आवाज मात्र फुटला नाही. मी तीनदा संधी दिली. चौथ्यांदा निष्कर्ष काढला आणि तो भर वर्गात ऐकवला, "म्हणजे लेखी पेपर कुणाचा तरी बघून उतरवलास. मुकी चोर!" वाचनाला शून्य दिले. त्या शून्याने ती नापास होत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील, शंकरराव, रात्रपाळीवरून परस्पर शाळेच्या दारात आले. डोळे तांबारलेले. "गुर्जी, नापास हाय तर तसं सांगा. मंग शाळा बंद. तिची आई बी कामाला जाईल, धाकट्याला ही बघंल." मी म्हणालो, निकालपत्रक आज संध्याकाळी जाईल. ते घरी गेले. बाईंनी हे ऐकले होते.

"गुरुजी, तिला परत वाचायला लावा. तिच्या डब्यात या आठवड्यात चपाती आहे."

"बाई, चपाती खाणाऱ्यांना नियमात सवलत नाही."

"मग शाळा भरायच्या आत माझ्याबरोबर चला."

मी रागातच गेलो. वसाहतीतली एक खोली, दार लोटलेले. आत शंकरराव भिंतीकडे तोंड करून डोक्यावरून चादर घेऊन झोपलेले. चुलीपाशी विमलची आई चपात्या लाटत होती. "भाकरी थापली की आवाज होतो," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. कोपऱ्यात विमल पुस्तक धरून बसली होती आणि धाकट्या भावाला धडा वाचून दाखवत होती, नुसत्या ओठांनी. तो टक लावून तिचे ओठ बघत होता. धड्यात हसायची जागा आली तेव्हा तो हसला, तेही स्वतःच्या तोंडावर हात दाबून.

मी चौकटीशी उभा राहिलो. त्या पोरीचे वाचन मी शून्य गुणांचे ठरवले होते.

"आता काय करायचं?" मी विचारले. वडिलांची पाळी बदलायला चार दिवस होते आणि निकालपत्रकाला एक दुपार.

"तीनची मालगाडी," बाई म्हणाल्या.

तीनला बाई विमलला घेऊन रुळांलगतच्या माळावर गेल्या. मी मागोमाग. लांबून गाडीचा खडखडाट सुरू झाला तशा बाई तिच्या कानाशी वाकल्या. "विमल, आता तू कितीबी ओरडलीस तरी कुणाला ऐकू येणार नाही. कुणाची झोप मोडणार नाही. वाच."

डबे धडधडत जाऊ लागले. विमलचे तोंड हलायला लागले, मग मोठे उघडायला लागले, मानेच्या शिरा ताणल्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हते. शेवटचा डबा गेला, खडखडाट पुढे सरकला आणि त्या माळावर एका दहा वर्षांच्या मुलीचा खणखणीत आवाज एकटाच राहिला. तिला तो स्वतःला ऐकू आला. ती दचकली, तोंडावर हात नेला आणि बाईंकडे पाहिले.

"पुढं?" बाई म्हणाल्या, जणू काही विशेष घडलेच नव्हते.

विमलने हात काढला आणि धडा पुरा केला. मी आयुष्यात पुष्कळ वक्ते ऐकले, त्यांची पुष्कळ टर उडवली. त्या वाचनापुढे मात्र माझी जीभ आजही गप्प बसते. वीसपैकी अठरा गुण दिले. विमल पास झाली.

शाळेकडे परतताना बाई एवढेच म्हणाल्या, "गुण दिलेत, बरं झालं. तुमचा तो शब्द मात्र अजून वर्गात पडलाय. तो उचलायचा राहिला."

"सुट्टीनंतर बघू," मी म्हणालो. सुट्टीनंतर विमल पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत गेली. बाईंनी तो विषय पुन्हा कधीही काढला नाही. त्यांच्या सर्व गुणांत हा एक गुण मला फार छळत आला आहे.

पुढे इथली गावे मिळून शहर झाले, शाळेला मजले चढले, बाई मुख्याध्यापिका झाल्या. माझ्या पत्नीच्या आजारपणात तीन महिने माझा वर्गही त्यांनी आपल्या वर्गाबरोबर सांभाळला. आभार मानायला गेलो, तर म्हणाल्या, "तुमच्या वर्गात कितीजण घरून उपाशी येतात, ते तरी कळलं मला." पुढच्या आठवड्यापासून त्या मुलांसाठी शाळेत चुरमुऱ्यांचे पोते आले. कुणी आणले, ते सर्वांना ठाऊक होते आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

ओव्हाळबाईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे आणि हट्ट असेच शाबूत राहोत. ज्या वर्गात त्या डोकावतील तिथल्या गुरुजींना थोडी धडकी भरत राहो.

हा लेख लिहायला घेण्यापूर्वी, गेल्या रविवारी, मी राजगुरुनगरला जाऊन आलो. विमल तिथे टपाल कचेरीत नोकरीला आहे. तिने ओळखले, आत बोलावले, चहा ठेवला.

मी म्हणालो, "विमल, चौथीत मी तुला भर वर्गात चोर म्हणालो होतो. ते खोटं होतं. चूक माझी होती."

तिने स्टोव्ह बारीक केला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही विसरला असाल, गुरुजी."

"नाही."

"मीपण नाही," ती म्हणाली. कपात चहा ओतला, माझ्यापुढे सरकवला. "बाईंना सांगितलंत?"

"अजून नाही."

बाई, तेवढे राहिले होते. रविवारी केले.