फुलोऱ्यात वाळलेली ओळ

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मला सरांच्या हरभऱ्याची काही झाडं माना टाकलेली दिसली, आणि पहिल्यांदा मी माझ्या डोळ्यांवर विश्वासच ठेवला नाही. धुकं अजून विरलं नव्हतं. सलवार घोट्यापर्यंत दवाने भिजली होती. मला वाटलं, ओळीला पाणी कमी पडलं असेल. जमीन चाचपली तर ओलावा चांगला होता. मग वाटलं, वाळवी लागली असेल. एक झाड उपटलं. मुळं वरून अगदी धडधाकट होती.

मी तेव्हा दिल्लीतल्या एका कृषी संस्थेत पीएचडी करत होते. वाशिमजवळच्या एका गावातून आलेली, वडील शाळामास्तर, घरची थोडी कोरडवाहू शेती. माझं काम हरभऱ्याच्या मर रोगावर होतं. जमिनीतली बुरशी मुळातून खोडात शिरते, आतल्या पाण्याच्या वाटा बंद करते, आणि उभं झाड वाळून जातं. हा रोग मुद्दाम जिवंत ठेवलेल्या जमिनीच्या तुकड्याला आम्ही सिक प्लॉट म्हणायचो. त्यात वेगवेगळी वाणं पेरायची आणि कोण मरतं, कोण टिकतं ते बघायचं. माझा प्लॉट नवा होता, फार्मच्या पार टोकाला, नाल्याच्या बाजूला. तिथे सरांचं वाण मी तपासायला म्हणून पेरलंच नव्हतं. टिकणारं झाड कसं दिसतं हे शेजारच्या ओळींशी ताडून बघण्यापुरतं ते होतं.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. मूळचे बिहारचे, कमी बोलणारे, चप्पल काढून ठेवून प्लॉटमध्ये उतरणारे. जुलैत ते निवृत्त होणार होते. नोकरीतली बहुतेक वर्षं त्यांनी या एका वाणावर घातली होती. त्याला अजून नाव नव्हतं, नुसता नंबर होता, पण सगळे त्याला सरांचा हरभराच म्हणत. मर रोगाला तो दाद देत नाही हे जुन्या सिक प्लॉटवर सिद्ध झालेलं होतं, आणि आता तो शेतकऱ्यांसाठी प्रसारित करावा असा प्रस्ताव जायचा होता.

मी नखाने खोड उभं चिरलं. आत मधोमध काळपट तपकिरी रेघ होती, वरपर्यंत गेलेली. मर रोगाचीच ती खूण. मी दुसरं झाड उपटलं, त्यातही तीच.

पुढचे काही दिवस मी सकाळ-संध्याकाळ त्या ओळीजवळ जाऊन उभी राहायचे. जांभळट गुलाबी फुलांनी ओळ भरलेली, आणि रोज त्यातली आणखी काही झाडं पिवळी पडलेली. बियाण्यात भेसळ झाली असेल अशी आशा होती, म्हणून पानं, फुलं, फांद्यांची ठेवण नीट तपासली. झाडं सरांच्याच वाणाची होती. लॅबमधल्या एका सीनियरला मी प्लॉटवर नेऊन दाखवलं. तो हिंदीत म्हणाला की तुझ्या थिसिसवर सही त्यांची लागते, एवढं लक्षात ठेव. आणि परतताना तो मुद्दाम माझ्यापासून अंतर ठेवून चालला.

त्याच आठवड्यात वडिलांचा फोन आला. सरांच्या वाणाबद्दल मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, त्यांनी ते गावभर केलं होतं. बियाणं कधी मिळेल असं लोक विचारताहेत, म्हणाले. मी नेटवर्क नाही असं सांगून फोन ठेवला आणि होस्टेलच्या जिन्यात बसून राहिले. आमच्या गावच्या काळ्या रानात मर रोग दर वर्षीचाच. हे वाण तिथे गेलं आणि फुलोऱ्यात वाळलं तर तिथले शेतकरी कुणाला सांगणार होते?

शनिवारी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. त्यात सर या वाणाची घोषणा करणार आणि सोमवारी प्रस्ताव पाठवणार असं ठरलं होतं. मी शुक्रवारी सरांच्या खोलीकडे गेले. आत पाहुणे होते. सरांनी दारातूनच हात केला आणि उद्या कार्यक्रम झाल्यावर बोलू म्हणाले. मी म्हटलं, सर, त्याआधी बोलायचं आहे. ते हसून म्हणाले, कार्यक्रमाआधी तर सगळ्यांनाच माझ्याशी बोलायचं आहे. दार लागलं.

आणखी एक माणूस होतं ज्याच्याशी मला बोलायचं होतं आणि ज्याची मला सरांपेक्षा जास्त भीती वाटत होती. ताई. सरांचं वाण रोगाला टिकतं हे ताईनेच तिच्या पीएचडीत सिद्ध केलं होतं. ती दिल्लीतच वाढलेली, करोलबागेतल्या मराठी घरातली. मी नवी आले तेव्हा तिने मला घरी नेऊन पोटभर वरणभात खाऊ घातला होता. तिचं मराठी स्वच्छ होतं, फक्त शेतातले शब्द तिला हिंदीतच यायचे. हरभऱ्याच्या शेंगांना, म्हणजे घाट्यांना, ती फली म्हणायची आणि मी सुधारलं की म्हणायची, अच्छा, घाटे, लक्षात ठेवते यार. नखाने खोड चिरून आतली रेघ बघायला तिनेच मला शिकवलं होतं. आता ती गुरुग्रामच्या एका बियाणे कंपनीत मोठ्या पदावर होती, आणि सरांचं वाण कंपनीने घ्यावं म्हणून तिनेच शब्द टाकलेला होता.

शनिवारी सकाळी हिरवळीवर मंडप, चहा, कचोऱ्या. पांढऱ्या केसांचे माजी विद्यार्थी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. ताई हातमागाची पिवळी साडी नेसून आली होती आणि मला बघताच तिने मिठी मारली. मी तिच्या कानाशी म्हटलं, "ताई, प्लॉटवर येतेस? आत्ता."

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

आम्ही नाल्याच्या बाजूला पोचलो. तोपर्यंत अर्धी ओळ वाळली होती. ताईने साडीचा पदर खोचला, वाकून एक झाड उपटलं, नखाने चिरलं. मग दुसरं. मग ओळीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन, जे अजून हिरवं होतं त्यातलं एक. त्यातही बारीक रेघ सुरू झालेली होती. ती मातीतच बसली.

"माझ्या प्लॉटमध्ये एकही मेलं नव्हतं," ती म्हणाली. "मी खोटं लिहिलेलं नाही."

मी म्हटलं की मला ते ठाऊक आहे. पण खरं सांगायचं तर मला ते तेव्हा ठाऊक नव्हतं. मागचे कित्येक दिवस मी मनातल्या मनात तिच्यावर संशय घेत होते, आणि ती तशी मातीत बसलेली बघून मला रडू आलं.

ती काही वेळाने उठली, हात झटकले. तिने मला विचारलं की सरांना सांगितलंस का. मी कालचं सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ता सांगायचं. स्टेजवर जायच्या आधी. मी बरोबर आहे, पण बोलायचं तू. प्लॉट तुझा आहे."

सर सभागृहाच्या मागच्या खोलीत होते. कोट घातलेला, कुणीतरी छातीला लावलेलं फूल. आम्हा दोघींना बघून ते खूश झाले. ताई येताना ओळीच्या हिरव्या टोकाकडचं ते चिरलेलं झाड घेऊन आली होती, ते तिने टेबलावर ठेवलं. मी बोलायला सुरुवात केली. माझं हिंदी एरवी बरं होतं, त्या वेळी शब्द सापडेनात. तरी सगळं सांगितलं, कधीपासून, किती पसरलं, बियाणं कसं तपासलं.

सरांनी झाड हातात घेतलंच नाही. त्यांनी विचारलं, पाणी किती दिलं होतं. बियाणं कुठल्या पिशवीतलं. ओळीच्या खुणा बदलल्या नाहीत ना. एकेक प्रश्न आधीपेक्षा कडक. मी उत्तरं देत गेले. मग त्यांचा आवाज चढला. त्यांच्याआधी मी ताईला का दाखवलं, असं त्यांनी विचारलं, आणि हा प्रश्न बाकीच्यांपेक्षा वेगळा होता हे आम्हा तिघांनाही कळलं. बाहेर माईकवर कुणीतरी सरांचं नाव घेऊन त्यांना बोलावत होतं.

तेव्हा ताई बोलली. "सर, माझ्या वेळी ते टिकलं होतं. तुम्ही स्वतः रोज येऊन बघायचात. आज ते मरतंय. मला वाटतं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आणि आज तुम्ही घोषणा केलीत तर माझी कंपनी या खरिपानंतर लगेच बियाणं वाढवायला घेईल. मला ते थांबवता येणार नाही."

सरांनी मग ते झाड उचललं. चष्मा कपाळावर सरकवला, चिरलेलं खोड डोळ्यांजवळ नेलं. बाहेर पुन्हा त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी झाड टेबलावर परत ठेवलं आणि बाहेर गेले.

मी आणि ताई सभागृहात सगळ्यात मागे उभ्या राहिलो. सर काय बोलणार ते आम्हाला ठाऊक नव्हतं. समोर पडद्यावर त्यांच्या वाणाचा फोटो लावलेला होता, फुलांनी लगडलेल्या ओळी. सरांनी सगळ्यांचं स्वागत केलं, जुन्या होस्टेलच्या आठवणी सांगितल्या, लोक हसले. मग ते पडद्याकडे वळले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला.

"या वाणाबद्दल आज मी बोलणार होतो," सर म्हणाले. "आज सकाळी माझ्या विद्यार्थिनीने मला ते मरताना दाखवलं आहे. का मरतंय ते कळेपर्यंत मी ते कुणाला देणार नाही."

टाळ्या कुठे वाजवायच्या ते लोकांना कळलं नाही. संस्थेच्या संचालकांचा चेहरा उतरला होता. जेवणाच्या वेळी अनेकांनी माझ्याकडे बोट दाखवून आपसांत काहीतरी बोलल्याचं मी पाहिलं. सर जेवले नाहीत.

सोमवारी प्रस्ताव गेला नाही. पुढचे बरेच दिवस सर माझ्याशी कामापुरतंच बोलत, तेही दुसऱ्या कुणाकडे बघत. थिसिसवर सही होईल असं मी धरून चालले नव्हते. सीनियर म्हणाला होता ते खरं होणार असं वाटत होतं. मग एका सकाळी ते हरितगृहात आले, बाह्या वर केल्या आणि कुंड्या धुवायला लागले. दोन्ही प्लॉटमधल्या आजारी झाडांतून वेगवेगळी बुरशी वाढवायची आणि सरांच्या वाणाच्या रोपांना वेगवेगळी द्यायची, असं त्यांनी सांगितलं. मीही तेच मांडणार होते. आम्ही दोघांनी मिळून रोपं लावली. ताई दर शनिवारी गुरुग्रामहून मेट्रोने यायची आणि मुळं बुरशीच्या पाण्यात बुडवायला मदत करायची. तिघं असलो तरी हरितगृहात फारसं बोलणं नसायचं. पंख्याचा आवाज, ओल्या मातीचा वास आणि रोज रोपांकडे बघणं.

जुन्या प्लॉटमधली बुरशी दिलेली रोपं हिरवीगार राहिली. माझ्या प्लॉटमधली दिलेली एकामागून एक पडली. पुन्हा केलं, तरी तेच. बुरशी एकच असली तरी तिचे प्रकार वेगळे होते. एकाला सरांचं वाण पुरून उरत होतं, दुसऱ्यापुढे ते टिकत नव्हतं. ताईचा थिसिस खरा होता. ती कुंड्यांसमोर उभी राहून हसली आणि मग चेहरा ओंजळीत घेतला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हे तुझ्या थिसिसमध्ये नवं प्रकरण होईल. नीट लिही." सरांनी माझ्याकडे थेट बघून बोलल्याला दोन-तीन महिने होऊन गेले असतील.

जुलैत सर निवृत्त झाले. त्यांच्या नावावर वाण लागलं नाही. निरोपाच्या भाषणांत कुणी त्याचा उल्लेख केला नाही आणि त्यामुळे ते सगळ्यांच्याच डोक्यात होतं. ताईच्या कंपनीतल्या वरिष्ठांनी तिला त्या वर्षी बरंच ऐकवलं. तिने मला त्यातलं फार थोडं सांगितलं.

वडिलांना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले की लोकांना मी सांगेन, तू काळजी करू नकोस.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या प्लॉटमध्ये जी मोजकी वाणं टिकली होती त्यांतलं एक आणि सरांचं वाण यांचा संकर करायचं ठरलं. मी सरांना फोन केला. ते दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या फ्लॅटमधून आले. फाटकावर नव्या सुरक्षारक्षकाने त्यांना अडवून नाव लिहायला लावलं, त्यांनी निमूटपणे लिहिलं. प्लॉटवर ते ओळीशेजारी मांडी घालून बसले आणि चिमटा मागितला. हरभऱ्याची कळी अगदी बारीक, ती न दुखावता त्यातले पुंकेसर काढायचे असतात. पहिली कळी तुटली. त्यांनी ती बाजूला ठेवली, चिमटा पुसला आणि दुसरी कळी बोटांत धरली. ती उघडली, रिकामी झाली, मी दुसऱ्या फुलातला पराग तिला लावला आणि सरांनी देठाला खुणेचा लाल दोरा बांधला. मग ते म्हणाले की आता पुढची कळी तू कर, मी बघतो.