उपसून नेलेली माती

नितीनचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या घरी चहा गाळत होते. "आत्या, आई गेली. झोपेतच गेली," एवढंच तो म्हणाला आणि मग नुसता श्वास ऐकू येत राहिला. राळेगावची एसटी पकडून पोचले, तोवर अंगणात गाव जमलं होतं. कोणाला त्रास दिला नाही, कोणाकडून सेवा करून घेतली नाही, असं मरण कोणाला येतं, असं बाया एकमेकींना सांगत होत्या. मीही मान हलवली. पण शालूवहिनी सुखानं गेली असं मला त्या दिवशीही वाटलं नाही आणि आज इतक्या आठवड्यांनंतरही वाटत नाही.

मारेगावकडची ही मुलगी माझ्या भावाशी लग्न करून आमच्या घरात आली, तेव्हा घराचं बांधकाम नुकतंच आटोपलं होतं. मागच्या बाजूला विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळं, मुरूम, सगळं तसंच पसरून टाकलेलं होतं. पावसाळ्यात तिथं डबकं साचायचं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. भाऊचं सगळं लक्ष शेतातल्या कपाशीत आणि तुरीत. ती मागची जागा वहिनीनं मागून घेतली. पहिली दोन-तीन वर्षं तिनं तिथं भाजीचं एक पान लावलं नाही. आधी नुसता राडारोडा वेचला, मग मृगात ताग पेरला. ताग कमरेच्या वर गेला, पिवळ्याधमक फुलांवर आला, आणि तेव्हाच विळा घेऊन ती त्यात शिरली. मी सुट्टीत आले होते. इतकी सुंदर फुलं, राहू द्या चार दिवस, असं मी म्हटलं.

"फुलं पाहत बसली तं खोडाचं लाकूड होते, बाई," ती म्हणाली. "मंग ते मातीत सडत नाही. आत्ताच कापा लागते."

कापलेला ताग तिनं खत व्हावं म्हणून कुदळीनं तिथंच गाडला. भाऊ ओसरीवरून पाहत होता. "लोकं पेरतात खायाले. तुई वहिनी पेरते गाडाले!" असं तो मोठ्यानं म्हणाला. वहिनी हसली. तिला उलट बोलायची सवय नव्हती आणि केलेलं सोडून द्यायचीही नव्हती.

नंतर तिनं त्या जागेचे वाफे पाडले. एकात वांगी, मिरची, भेदरं म्हणजे टोमॅटो. दुसऱ्यात मुळा, गाजर, कांदा. तिसऱ्यात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. चौथ्यात बरबटी, म्हणजे चवळी, आणि वाल. पाचवा नेहमी तागाचा, म्हणजे विश्रांतीचा. दरवर्षी सगळ्यांनी जागा बदलायची. वांग्याच्या जागी पुढच्या साली वांगं नाही, मिरचीही नाही, कारण दोघांचे रोग तेच आणि भूकही तीच. बरबटी मात्र जमिनीला काही देऊन जाते, म्हणून जास्त खाणारी भाजी तिच्या मागून लावायची. उन्हाळ्यात जमीन कधी उघडी ठेवायची नाही, वर कुटार, म्हणजे पिकाचा भुसा, नाहीतर पालापाचोळा अंथरायचा. हे सगळं ती स्वयंपाकाइतक्या सहज करायची आणि त्याबद्दल फारसं बोलायची नाही. मी विचारलं तर एखादी मूठ उचलून माझ्या नाकाजवळ धरायची. "वास घ्या." त्या मातीला ओल्या पानांचा, थोडा गोडसर वास यायचा. मूठ दाबली तर गोळा व्हायचा आणि बोटानं टोचलं की मऊ भुगा. ज्या जागेत पहार वाजायची तिथं आता मनगटापर्यंत हात जायचा. यात किती वर्षं गेली ते तिनं मोजलं नाही. त्यात नितीन मोठा झाला, कॉलेजला गेला, यवतमाळला नोकरीला लागला.

भाऊ शेवटच्या आजारात शेतावर जाऊ शकत नव्हता, तेव्हा तो मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. एकदा मला म्हणाला, "हे बाई जिंकली व. माह्या वावराची माती गोटा झाली अन् इची पाह्य." वहिनीच्या समोर मात्र त्यानं तसं कधी म्हटलं नाही. तो गेला पावसाळ्यात. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी विळा घेऊन तागात उभी... गावात त्यावर बोललं गेलं. पण ताग फुलावर आला होता. कापून झाल्यावर ती त्याच वाफ्याच्या काठावर बसली आणि तिथं पहिल्यांदा रडली. घरात, माणसांसमोर, तिला ते जमलं नव्हतं.

मग ती एकटीच राहू लागली. न्हाणीघर आणि संडास अंगणाच्या पलीकडे होते. एका पावसाळ्यात पायरीवरून घसरून तिचा हात मोडला. नितीन फार घाबरला. मुलगा जीव लावणारा, दर शनिवारी बसनं येणारा. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा त्यानं तिला माझ्याकडे आणून सोडलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, म्हणून ती माझ्याकडेच राहिली. "आत्या, घराचं थोडं काम काढलंय, आईले सांगू नका," असं तो फोनवर म्हणाला होता. मला वाटलं, रंगरंगोटी असेल. वहिनीला घाई झाली होती. मृग जवळ आला, या साली तागाची पाळी वांग्याच्या वाफ्याची आहे, असं ती सारखं बोलून राहिली होती.

आम्ही राळेगावला उतरलो तेव्हा तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. नितीननं हात धरून तिला मागच्या दारी नेलं आणि चष्मा काढायला सांगितला.

समोर एक खोली उभी होती. गिलावा ओला होता.

"हे कोणाचं घर आहे रे?"

"तुयंच, आई! तुयासाठी खोली. अंदरच बाथरूम. आता पावसात अंगण ओलांडायचं कामच नाही."

वहिनी पाहत राहिली. मग म्हणाली, "इथली माती कुठी गेली?"

"काळी होती न, आई. काळ्या मातीवर पाया राहत नाही. पावसात फुगते अन् भिंतीले भेगा पडतात. मिस्त्रीनं पुरी उपसून काढली, मुरूम भरला. आता शंभर वर्षं पाहाचं काम नाही." तो आनंदात होता, थांबतच नव्हता. "इतकी भुसभुशीत होती आई, जेसीबीले जोरही लावा लागला नाही."

"पुरी काढली?"

"पुरी."

"बरं केलं, बाप्पा," वहिनी म्हणाली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि चष्मा परत लावला.

दुसऱ्या दिवशी नितीन यवतमाळला कामावर गेल्यावर ती मला म्हणाली, "चाला, पाहून येऊ." ट्रॅक्टरवाल्यानं माती गावाबाहेरच्या जुन्या खदानीत टाकली होती. आम्ही ऑटोनं गेलो. त्या खड्ड्यात साऱ्या गावच्या बांधकामांचा मलबा पडला होता. फुटक्या फरश्या, प्लास्टिक, सिमेंटची रिकामी पोती, आणि त्यात जागोजागी काळ्या मातीचे ढीग, अनेक घरांच्या पायासाठी खणून काढलेले. मी नको म्हणत असताना ती खाली उतरली. एका ढिगातली मूठ उचलली, वास घेतला, टाकली. दुसऱ्यातली उचलली. तिसऱ्यातली. वरची माती उन्हानं वाळून दगड झाली होती. आतली इतरांच्या मातीत, चुन्यात मिसळली होती. डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली होती, तरी ती दोन्ही हातांनी उकरत राहिली. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाली, "वळखू येत नाही, बाई. माही कोणती तेच वळखू येत नाही."

परतताना मी म्हटलं, "नितीनला सांगू या का? त्याला कळलं नाही हो."

"बिलकुल नाही." इतक्या करड्या आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "पोरानं मायेनं केलं. दुश्मनानं केलं असतं तं शिव्या देल्या असत्या. आता कोणाले देऊ?"

मी तिला पुन्हा सुरुवात करायला लावली. खोली आणि कुंपणाच्या मध्ये एक पट्टी उरली होती, मुरमाची, सिमेंटचं पाणी पिऊन घट्ट झालेली. तिनं तिथं ताग पेरला. उगवला, वीतभर झाला, पिवळा पडला आणि तसाच उभ्याउभ्या वाळला. ती एकदा त्याच्यापाशी उकिडवी बसलेली मला दिसली. "तागालेही काहीतरी धराले लागते," ती म्हणाली. "पयलेही अशीच होती जमीन. पण तवा मी तरुण होती न, बाई." त्यानंतर तिनं विळा हातात घेतल्याचं मला आठवत नाही. नितीननं कुंड्या आणल्या, नर्सरीतून तयार मातीच्या पिशव्या आणल्या. ती त्यांना रोज पाणी घालायची, पाहुण्याला पाणी द्यावं तसं. येणाऱ्या-जाणाऱ्याला खोली दाखवायची, नळ सोडून दाखवायची, पोराचं कौतुक करायची. भाजी बाजारातून येऊ लागली. तिचं जेवण कमी झालं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. संक्रांतीला मी गेले तेव्हा ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. "काय करून राह्यल्या?" मी विचारलं. "काई नाही... काईच नाही करून राह्यली," असं म्हणून तिनं पलंगावर मला जागा करून दिली.

तिच्या तेरवीच्या दुपारी नितीन आणि मी त्या खोलीत बसलो होतो. पंखा फिरत होता तरी जीव घाबरत होता. मी उठून खिडकी उघडायला गेले. कडी हलेना. नीट पाहिलं तर रंगाऱ्यानं दिलेला निळा रंग कडीवर, फटीत, दोन्ही झडपांच्या मधल्या रेघेवर अखंड वाळलेला होता. कुठं तडा गेला नव्हता.

"ते उघडत नाही, आत्या," नितीन म्हणाला. "आईनं एकदाही उघडली नाही."

ती खिडकी ताग वाळला त्या मागच्या पट्टीकडे होती. नितीन खाली पाहत म्हणाला, "मले माईत होतं. 'बरं केलं' म्हणे न ते, तवाच कळलं. पण विचारलं असतं तं तिले अजून खोटं बोला लागलं असतं, का 'मले आनंदच झाला' म्हणून. म्हणून नाही विचारलं." मग म्हणाला, "तुमी गोष्टी लिहिता न, आत्या? हे लिहा. माहं नाव घालून लिहा."

तो उठला, खिडकीपाशी गेला. अंगठ्यानं कडी चाचपली, रंगावरून बोट फिरवलं. जरा जोर लावला असता तर रंग सुटला असता. त्यानं हात काढून घेतला आणि परत येऊन पलंगाच्या कडेला बसला. आम्ही दोघं तसेच बसून राहिलो, बंद खिडकीकडे पाहत...