ही गावापर्यंत जाईल?

पेट्रोलचा वास आला की मला आई आठवते. त्या वासानं तिला गाडीत उलट्या व्हायच्या. मावशीचं गाव स्टेशनपासून तासभर आत, त्यामुळे तिकडे जाणंही सुटलं होतं. आम्ही विजेवरची गाडी घेतली तेव्हा ती हातात पिशवी धरून घाबरतच माझ्या शेजारी बसली. चिंचपोकळी गेली, भायखळा गेला, गिरगाव चौपाटी आली, तरी ती शांत. "बरं वाटतंय ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "ही गावापर्यंत जाईल रे?" "जाईल, पण वाटेत दोनदा चार्जिंगला थांबावं लागेल." "मग थांबू." मे महिन्यात आम्ही पोचलो, तेव्हा दोघी बहिणी अंगणातच एकमेकींना धरून रडल्या. 'गावी काय ठेवलंय आता' असं आई वर्षानुवर्षं म्हणायची. ते मी खरं मानलं, याचं आजही वाईट वाटतं.